घाम सांभाळा, घड्याळ पाहा : बर्फात जाणाऱ्या सह्याद्रीकरांसाठी

डिसेंबर जवळ आला की पुण्या-मुंबईच्या ट्रेकिंग ग्रुपांवर गढवालातल्या केदारकंठ्याचं नाव फिरू लागतं. ‘सोपा आहे, नवख्यांसाठीच आहे, राजगड-तोरणा केलाय ना, मग झालं तर!’ असं कुणीतरी म्हणतं आणि आठ-दहा जण तिकिटं काढून मोकळे होतात. त्यात वाईट काही नाही. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट चढलेल्या माणसाच्या पायांत केदारकंठ्यापुरता दम नक्की असतो. अडचण येते ती सवयींची. सह्याद्रीनं आपल्याला भरपूर घाम गाळत चढायला शिकवलेलं असतं आणि उशीर झाला तर टॉर्चच्या उजेडात निवांत उतरायलाही. बर्फात नेमक्या याच दोन गोष्टी अंगाशी येतात. या लेखातल्या बहुतेक सूचना फिरून फिरून घामाशी किंवा घड्याळाशी येऊन थांबतील, तेव्हा आधीच सांगून ठेवतो.

पहिल्यांदा उंचीचा हिशेब. कळसूबाई १,६४६ मीटर. केदारकंठ्याच्या पायथ्याचं सांकरी गाव साधारण १,९५० मीटरवर आहे, म्हणजे गाडीतून सॅक उतरवून घेतानाच तुम्ही महाराष्ट्राच्या माथ्यापेक्षा उंच उभे असता. केदारकंठ्याचा माथा ३,८१० मीटरवर, आणि तिथल्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडा कमी. मग ‘नवख्यांसाठी’ हा शिक्का कशामुळे बसला? वाट ठळक आहे, मुक्काम जवळजवळ आहेत, शेवटची चढण सोडली तर उतार बेताचा आहे आणि मोसमात इतकी माणसं जातात की बर्फ तुडवून तुडवून घट्ट झालेलं असतं. हा शिक्का वाटेला दिलेला आहे, हवामानाला नाही. रात्रभर बर्फ पडलं की दुसऱ्या दिवशी त्याच वाटेवर गुडघाभर रुतत चालावं लागतं आणि दोन तासांचं अंतर चार तास खातं.

कुठे जायचं, यावर फार डोकं शिणवू नका. बर्फ कधीच पाहिलेलं नसेल आणि सुट्टी कमी असेल, तर मसुरीच्या पलीकडचा नागटिब्बा घ्या. उंची ३,०२२ मीटर, पंतवाडी गावातून एक-दोन दिवसांत होतो, आणि आपल्याला थंडी झेपते की नाही याचा अंदाज स्वस्तात मिळतो. त्रिशूळ आणि नंदा घुंटी जवळून पाहायचे असतील तर लोहाजंगहून ब्रह्मताल. नंदादेवी आणि द्रोणागिरीसाठी जोशीमठकडून क्वारी पास. तुंगनाथ-चंद्रशिला उन्हाळ्यात आजी-आजोबाही करतात म्हणून हिवाळ्यात तो सोपा समजला जातो, पण वरच्या भागात वाट तीव्र उतार आडवी कापत जाते आणि बर्फाखाली ती फरसबंदी दिसतच नाही. पहिलाच ट्रेक म्हणून मी तो सुचवणार नाही. गोठलेल्या झंस्कार नदीवरचा चादर हा तर वेगळाच प्रकार आहे. आधी दोन-तीन हिवाळी ट्रेक पदरी असू द्या.

बर्फ केव्हा मिळेल, हे पश्चिमी विक्षोभांवर ठरतं. भूमध्य समुद्राच्या बाजूनं येणारी ही वादळं हिवाळ्यात अधूनमधून हिमालयाला धडकतात आणि प्रत्येक वेळी एक-दोन दिवस बर्फ टाकून जातात. डिसेंबर अखेरीस कधी कमरेइतकं बर्फ असतं, कधी नुसती पिवळी गवतं. जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी हा त्यातल्या त्यात खात्रीचा काळ. नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा मात्र शक्य असेल तर टाळाच. तंबूंची वस्ती, पाण्यासाठी रांग, वाटेवर ट्रॅफिक आणि सगळं बर्फ बुटांनी काचेसारखं गुळगुळीत केलेलं. त्या गर्दीत चुकूनही आपल्या वेगानं चालता येत नाही.

आता कपडे. इथे जरा रेंगाळतो, कारण सगळ्यात जास्त पैसे लोक इथेच घालवतात आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. आपल्याकडची समजूत अशी की थंडी म्हणजे जाड जाकीट. म्हणून आठ हजारांचं डाऊन जॅकेट घेतलं जातं आणि आत असतो तोच सुती टी-शर्ट, वर्षानुवर्षं गडांवर मळवलेला. सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं. चालताना ते जाणवत नाही. पाच मिनिटं फोटोसाठी थांबलात की ओलं कापड पाठीला चिकटतं, त्यावरून वारा जातो आणि अंगातली ऊब झपाट्यानं निघून जाते. जीन्सचंही तेच. अंगाला लागणारा कपडा लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा हवा; सुती बनियन आणि सुती मोजेसुद्धा घरीच ठेवा. त्यावर एक फ्लीस, नाहीतर आईनं विणलेला शुद्ध लोकरीचा स्वेटर. तो फ्लीसपेक्षा जड असतो, पण ओला झाला तरी ऊब देतो. सगळ्यात वर वारा आणि बर्फ अडवणारं पातळ जॅकेट आणि तशीच पँट. डाऊन जॅकेट हे थांबल्यावर घालायचं असतं. ते घालून चढलात तर अर्ध्या तासात आतून भिजेल, आणि भिजलेल्या पिसांना काही ऊब नसते.

हे सगळं घेतलंत तरी खरं कसब ते वापरण्यात आहे. मुक्कामावरून निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. ऊबदार वाटत असेल तर तुम्ही एक थर जास्त घातलाय. दहा-पंधरा मिनिटं चालून थांबा, एक थर काढा, मग पुढे चला. कपाळावर घाम आला की वेग कमी करा. टोपी काढा, जॅकेटची चेन उघडा, हातमोजे काढा. सह्याद्रीत आपण दम लागेपर्यंत चढतो आणि मग दगडावर बसतो. बर्फात ती पद्धत सोडून द्यायची. शेजारच्याशी बोलत बोलत चालता येईल असा संथ, न थांबणारा वेग धरायचा. आपल्यातल्या तरण्याबांड मंडळींना हे सगळ्यात अवघड जातं, कारण पुढे पळणाऱ्याला आपल्याकडे उगाच मान असतो. गढवाली गाईडच्या मागे चाला आणि त्याला मागे टाकू नका, एवढं पाळलं तरी निम्मं काम होतं.

हातमोजे दोन जोड्या: आत पातळ, बाहेर जाड. बाहेरचा पाण्याला दाद न देणारा असावा. बोटं वेगळी नसलेला मोजा जास्त ऊब देतो, पण त्यात कामं करता येत नाहीत. कानटोपी हवी, आणि मान झाकणारं काहीतरी. माकडटोपीला हसू नका, वाऱ्यात ती फार कामाची असते. मोज्यांचा एक कोरडा जोड फक्त झोपण्यासाठी राखून ठेवा. तो घालून चालायचं नाही, कितीही मोह झाला तरी. बूट घोट्याच्या वर येणारे, पाणी न शिरणारे आणि जाड लोकरी मोज्यासकट पायाची बोटं हलतील इतके सैल. घट्ट बुटात रक्त फिरत नाही आणि सर्वांत आधी बोटं बधिर होतात. कॅम्पवर मिळणारे भाड्याचे बूट घेणार असाल तर चालायला लागण्याआधी घालून पाहा, आणि शक्यतो ते टाळाच. जॅकेट, बुटात बर्फ शिरू न देणारे गेटर्स, मायक्रोस्पाइक्स मात्र सांकरी, लोहाजंगसारख्या ठिकाणी भाड्यानं मिळतात. एका ट्रेकसाठी विकत घ्यायची गरज नाही. गॉगल चांगला घ्या. ताज्या बर्फावरून ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत डोळ्यांवर येतात. संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचू लागतं आणि उघडता येत नाहीत, तेव्हा ती चूक कळते. ढगाळ दिवशीही गॉगल लावायचा.

पायांकडे वळू. मायक्रोस्पाइक म्हणजे बुटावर चढवायची रबरी चौकट आणि तिला जोडलेल्या साखळ्या, टोकदार दात. तुडवलेल्या, गोठलेल्या वाटेवर ती उत्तम. क्रॅम्पॉन वेगळे, त्यांचे दात लांब असतात, समोरही असतात आणि ते तीव्र, कडक बर्फासाठी आहेत. जे ते वापरायला शिकलेले नाहीत, त्यांनी ते न घातलेलेच बरे. आपल्याच दातात आपलीच पँट अडकून पडणारे कमी नसतात. स्नोशूज हा तिसरा प्रकार. रुंद पृष्ठभागावर वजन पसरतं आणि भुसभुशीत बर्फात माणूस रुतत नाही. आपल्या गर्दीच्या ट्रेकवर त्यांची गरज क्वचित पडते. पण ताज्या बर्फात स्वतःची वाट काढायची असेल, किंवा कॅनडा-अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना तिथल्या जंगलात हिंडायचं असेल, तर स्नोशूजना पर्याय नाही. स्नोशूज घालून पाय थोडे फाकवून चालावं लागतं, उलटं मागे जाता येत नाही, वळायचं तर छोटा फेरा घ्यावा लागतो. पहिल्या तासात मांडीचे न वापरलेले स्नायू बोलायला लागतात. आणि एक गैरसमज काढून टाका: स्नोशूज रुतण्यापासून वाचवतात, हिमस्खलनापासून नाही.

चढताना बुटाचं टोक बर्फात मारून पायरी करायची आणि तिच्यावर पूर्ण वजन टाकायचं. पुढच्याच्या पायऱ्या मोडू नका, मागच्यालाही त्या लागणार आहेत. उतरताना टाच आधी रोवायची, गुडघा किंचित वाकलेला, शरीर थोडं पुढे. भीतीनं आपण मागे झुकतो आणि तेव्हाच पाय सटकतो. तलावावरच्या गोठलेल्या बर्फावर उभं राहून फोटो काढण्याची फार हौस असते. केदारकंठ्याच्या वाटेवरच्या जुडा का तालाबवर तर रोज ते दृश्य दिसतं. बर्फाची जाडी वरून कळत नाही आणि काठाजवळ ती सगळ्यात कमी असू शकते. तसा फोटो नसला तरी चालतं.

आता घसरगुंडी. केदारकंठ्याच्या माथ्यावरून उतरताना पोरं बसून घसरत खाली येतात, आणि मजा येते हे खरं आहे. पण मायक्रोस्पाइक घातलेले असताना कधीही घसरू नका. दात अचानक बर्फात रुततो, पाय तिथेच थांबतो आणि शरीर पुढे जातं. घोटा किंवा गुडघा गेलाच म्हणून समजा. आधी स्पाइक काढायचे, काठी बाजूला ठेवायची, खाली उतार कुठे संपतो ते डोळ्यांनी पाहायचं, वाटेत दगड किंवा झाड नाही याची खात्री करायची आणि गाईडनं हो म्हटल्यावरच बसायचं.

कातळावरच्या चढाईबद्दल सह्याद्रीच्या माणसाला थोडा जास्त आत्मविश्वास असतो, आणि तो कमावलेला असतो. कोरड्या बेसॉल्टवर हातापायांनी चढण्याची आपली सवय चांगली आहे. हिवाळी हिमालयात त्या सवयीतले दोन आधार निघून जातात. जाड हातमोज्यात बोटांना खाचेची जाणीव राहत नाही, आणि बुटाखाली दगड आहे की दगडावर पातळ पारदर्शक बर्फ हे डोळ्यांना कळत नाही. मोठ्या धोंड्यांच्या मधली पोकळी वरून भुसभुशीत बर्फानं भरलेली असते. पाऊल टाकलं की मांडीपर्यंत आत. म्हणून काठीनं टोचून पाहा, पकडीवरचं बर्फ हातानं झाडून काढा, दगड थोपटून तो हलतो का ते पाहा आणि मगच वजन द्या. तीन आधार पक्के असल्याशिवाय चौथा हलवायचा नाही, हा गडांवरचा नियम इथे दुप्पट कडक. मायक्रोस्पाइक घालून उघड्या कातळावर चढू नका, रबर सरकतं आणि दात दगडावर ठरत नाहीत. आणखी एक: जे मदतीशिवाय उतरता येणार नाही, ते चढायचं नाही. घसरलो तर थेट घळीत जाऊ अशी जागा आली, तर तिथे दोर, आइस ॲक्स आणि ती वापरता येणारी माणसं हवीत. आइस ॲक्सनं घसरण थांबवणं हे व्हिडिओ पाहून येत नाही. ते सुरक्षित उतारावर शंभर वेळा पडून शिकावं लागतं. मनापासून शिकायचं असेल तर उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था किंवा मनालीची अटलबिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्था यांचा बेसिक कोर्स करा. साधारण चार आठवडे रजा काढावी लागते आणि नाव बरंच आधी नोंदवावं लागतं, पण कितीही ट्रेक केले तरी ते शिक्षण मिळत नाही.

घड्याळाकडे येतो. डिसेंबर अखेरीस गढवालात सूर्य साधारण सव्वापाच-साडेपाचला मावळतो. मुंबईत तो मावळतो तेव्हा सहा वाजून गेलेले असतात. तेही आकाशातलं गणित झालं. डोंगराच्या आडोशाला असलेल्या उतारावर दुपारी साडेतीनलाच सावली येते आणि त्या क्षणापासून पारा घसरू लागतो. सकाळी कडक असलेलं बर्फ दुपारी उन्हानं मऊ होतं, पाय रुततात, वेग मंदावतो; आणि सावली पडली की तेच बर्फ पुन्हा गोठून निसरडं होतं. म्हणून हिवाळ्यातला दिवस दोन-अडीच वाजता संपला असं धरा. त्या वेळी मुक्कामावर असायला हवं.

माथ्यावर सूर्योदय पाहायचा म्हणून पहाटे तीनला निघण्याची पद्धत आता केदारकंठ्यावर रुळली आहे. मला ती पटत नाही. सूर्योदयाच्या जरा आधी थंडी सर्वाधिक असते, धारेवर वारा असतो, अंधारात शेकडो माणसं एका वाटेवर असतात आणि माथ्यावर पोचल्यावर उजाडेपर्यंत घामेजल्या कपड्यांत उभं राहावं लागतं. वाऱ्याचं गणित पाहा: पारा उणे १० असेल आणि वारा ताशी ३० किलोमीटर, तर उघड्या त्वचेला ती थंडी उणे २० इतकी वाटते. पहाटे पाच-साडेपाचला निघालात तर वाटेतच उजाडतं, ऊन अंगावर घेत माथा गाठता येतो आणि बर्फही तेव्हा कडकच असतं. स्वर्गारोहिणी, काळा नाग आणि बंदरपूंछ नऊ वाजताही तिथेच असतात.

निघण्याआधी परतीची वेळ ठरवा आणि ती सर्वांसमोर बोलून दाखवा. समजा, अकरा. अकरा वाजले की माथा पन्नास मीटरवर असला तरी मागे फिरायचं. वर पोचल्यावर ही वेळ ठरवता येत नाही. तिथे प्रत्येकाला आपण आलोच आहोत असं वाटत असतं. ढग वेगानं खाली येताना दिसले, वाऱ्याची दिशा बदलली, गटातल्या एकाचं बोलणं अडखळू लागलं, तर ठरलेल्या वेळेचीही वाट पाहायची नाही. जून २०२४ मध्ये उत्तरकाशी-टिहरीच्या सीमेवरच्या सहस्रतालच्या वाटेवर खराब हवामानात अडकून नऊ ट्रेकर गेले. महिना जूनचा होता. वारा, ओले कपडे आणि उघड्यावरची एक रात्र एवढं उन्हाळ्यातही पुरतं.

हिमस्खलनाचा विषय आपल्याकडच्या ट्रेकिंग गटांत फारसा निघत नाही, कारण ठरलेल्या वाटा बहुतेक जंगलातून आणि रुंद धारांवरून जातात. पण वाट सोडली, किंवा मोठी बर्फवृष्टी झाली, की तो आपला विषय होतो. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर धोका सर्वांत जास्त. फोनमधल्या होकायंत्राच्या ॲपमध्ये उतार मोजायची सोय बहुधा असते, गडावर जाऊन एकदा ती वापरून पाहा. तीस अंश डोळ्यांना किती साधा दिसतो हे कळून दचकाल. जोरदार बर्फ पडल्यानंतर किंवा वाऱ्यानं बर्फ वाहून आणल्यानंतरचे पहिले एक-दोन दिवस अशा उतारांखालूनही जाऊ नका. शेजारच्या उतारावर ताजी घसरण दिसणं, पावलाखालून तडा सरकत जाणं, बर्फ बसताना धप्प असा पोकळ आवाज येणं, या तिन्हींचा अर्थ एकच: आल्या वाटेनं परत. धारेच्या कडेला वाऱ्यानं बनवलेली बर्फाची पडवी असते, तिच्याखाली जमीन नसते. कडेपासून बरंच आत चाला. चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था हिमालयातल्या जिल्ह्यांसाठी हिमस्खलनाचे इशारे देते आणि ते बातम्यांतही येतात. कॅनडात अॅव्हलांच कॅनडासारखी संस्था हिवाळ्यात रोजचा अंदाज जाहीर करते. तिथे असाल तर तो न वाचता घर सोडू नका. अनुभवी आहोत म्हणून सुटका नसते. ४ ऑक्टोबर २०२२ला द्रौपदी का डांडा २ शिखरावर नेहरू संस्थेच्याच तुकडीवर हिमस्खलन कोसळलं. गेलेल्यांत त्याच वर्षी एव्हरेस्ट आणि मकालू चढलेली सविता कंसवाल होती.

मुक्कामावर पोचल्याबरोबर पहिलं काम म्हणजे ओले कपडे बदलणं. चहा नंतर. कोरडा आतला थर, कोरडे मोजे, मग डाऊन जॅकेट. रात्री उणे दहापर्यंत किंवा त्याखालीही पारा जातो, त्यामुळे काही बारीकसारीक गोष्टी लक्षात ठेवा. पाण्याची बाटली उलटी ठेवा. पाणी वरून गोठतं, तेव्हा बूच मोकळं राहतं. नळीतून पाणी पिण्याची पिशवी इथे निकामी, नळी आधी गोठते. झोपताना उकळतं पाणी घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून मोज्यात घालून स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी ठेवा. रात्री ऊब, सकाळी प्यायला पाणी. फोन, पॉवर बँक आणि हेडटॉर्चच्या बॅटऱ्याही आतच. बूट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तंबूच्या आत घ्या, नाहीतर सकाळी ते लाकडासारखे होतात. जमिनीकडून येणारी थंडी वरून येणाऱ्यापेक्षा जास्त त्रास देते, म्हणून अंगाखाली दोन मॅट असतील तर उत्तम. रात्री लघवीला उठायचा कंटाळा करून पाणी कमी पिणारे पुष्कळ. तसं करू नका, उंचीवर पाणी कमी पडलं की डोकं धरतं. उठा, जाऊन या, ऊबही लवकर येते.

बंद तंबूत स्टोव्ह, सिगडी किंवा कोळसे पेटवू नका. कितीही थंडी असो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला ते उठवत नाही. रमचे दोन घोट घेऊन ऊब आणायची कल्पनाही सोडा. त्वचेकडे रक्त धावतं, अंग गरम वाटतं आणि आतली ऊब बाहेर निघून जाते. झोपेच्या गोळ्याही नकोत. श्वास मंदावतो.

उंचीचा त्रास कुणाला होईल हे तब्येत पाहून सांगता येत नाही. रोज दहा किलोमीटर पळणाऱ्याला होतो आणि त्याच्या सुटलेल्या पोटाच्या मित्राला होत नाही. तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा संकेत आहे. केदारकंठ्याच्या नेहमीच्या कार्यक्रमात देहरादूनहून निघून तिसऱ्या रात्री आपण साधारण ३,४०० मीटरवर झोपतो, म्हणजे शरीराला वेळ तसा कमीच मिळतो. सांकरीत एक दिवस जास्त काढता आला तर जरूर काढा. डोकं दुखतंय आणि सोबत मळमळ, गळाठा किंवा चक्कर आहे, तर तो उंचीचाच त्रास समजा आणि वर जाऊ नका. बसल्या बसल्या धाप लागणं, खोकल्यातून फेस येणं, सरळ रेषेत चालता न येणं किंवा असंबद्ध बोलणं ही खाली उतरण्याची वेळ आहे. रात्र असली तरी, सोबत घेऊन, लगेच. उंचीच्या त्रासावरचं डायमॉक्स हे औषध डॉक्टरांना विचारूनच घ्या, विशेषतः सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर.

गारठलेला माणूस ओळखायला शिका. तो आधी कुडकुडतो, मग चिडतो किंवा गप्प होतो, जॅकेटची चेन लावता येत नाही, पाय अडखळतात, शब्द जड होतात. कुडकुडणं थांबलं आणि तरी तो थंडच आहे, तर हे बरं होण्याचं नव्हे, बिघडण्याचं लक्षण. वाऱ्यातून बाजूला घ्या, ओलं काढा, कोरडं घाला, खाली मॅट द्या, शुद्धीत असेल तर गरम गोड पेय पाजा. हातपाय चोळू नका. बोटं पांढरी, मेणासारखी आणि बधिर झाली असतील तर बर्फानं घासणं, शेकोटीवर धरणं हे जुने उपाय नुकसान करतात. जाणीव नसलेलं बोट भाजतं आणि कळतही नाही. काखेत किंवा सोबत्याच्या पोटावर धरून ऊब द्या, आणि पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर वितळवायची घाई करू नका.

तयारी इथेच, घरच्या डोंगरावर होते. दोन महिने आधीपासून आठवड्यातून दोनदा सिंहगड किंवा जवळची टेकडी आठ-दहा किलो वजन घेऊन चढा, आणि उतरताना धावू नका, गुडघ्यांना हळू उतरायची सवय लावा. एक गंमतशीर सराव सुचवतो: जाड हातमोजे घालून, डोळे मिटून, घरात बुटाची लेस बांधा, सॅकचं बक्कल लावा, हेडटॉर्च सुरू करा. घरचे हसतील. पण तिथे प्रत्येक वेळी मोजा काढावा लागला तर बोटं गेली म्हणून समजा.

संस्थेबरोबर जाणार असाल तर पैसे भरण्याआधी थोडं विचारा. गाईडनं कुठला कोर्स केलाय, एका गाईडमागे किती माणसं, ऑक्सिजन सोबत असतो का, हवा बिघडली तर जादा दिवस आहे का, आणि परत फिरायची वेळ कोण ठरवतं. शेवटच्या प्रश्नाला ‘आम्ही सगळ्यांना माथ्यावर नेतोच’ असं उत्तर आलं तर दुसरी संस्था बघा. सॅटेलाइट फोन किंवा तसलं संदेशयंत्र परवानगीशिवाय भारतात बाळगता येत नाही, तेव्हा परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांना ते आणायला सांगू नका. कुठल्या गावातून, कुठल्या दिवशी, कधी परत येणार, हे घरी कागदावर लिहून ठेवा. त्यासोबत ११२ हा आपत्कालीन क्रमांकही.

आणि प्रवासात एक दिवस मोकळा ठेवा. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेतल्या धुक्यात गाड्या तासन्‌तास रखडतात, विमानंही रद्द होतात. दमून-धावत पायथा गाठणारा माणूस पहिल्याच चढाला आजारी पडतो. सांकरीच्या रस्त्यावर पुरोल्याच्या पुढे एटीएमचा भरवसा धरू नका, रोख पैसे खालूनच काढा. परतीच्या दिवशी विमान पकडायचं म्हणून सांकरीहून पहाटे चारला गाडी काढायला ड्रायव्हरला भरीस घालू नका. मोरी गावाकडे उतरताना सावलीतल्या वळणांवर रात्रीचं पाणी गोठलेलं असतं आणि ते हेडलाइटमध्ये ओल्या डांबरासारखंच दिसतं. ऊन रस्त्यावर आल्यावर निघा आणि विमानाचं तिकीट दुसऱ्या दिवसाचं काढा.